दाखला वारसाचा, कवच बँकेचे

मृत व्यक्तीची मालमत्ता वारसांकडे नेमकी कधी जाते, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर निःसंदिग्ध आहे. ती मृत्यूच्या क्षणीच जाते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा हक्क त्या निधनातूनच उत्पन्न होतो आणि त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाची आवश्यकता नसते. तरीही त्याच पुरुषाच्या नावावरील मुदत ठेव, शेअर किंवा रोखे वारसांच्या हाती यायचे असतील, तर बँकेच्या खिडकीपाशी त्यांच्याकडे एक कागद मागितला जातो, आणि तो मिळेपर्यंत जे कायद्याने त्यांचे झालेले असते ते व्यवहारात त्यांचे नसते. या कागदाला मराठीत उत्तराधिकार प्रमाणपत्र म्हणतात. बोलण्यात मात्र सक्सेशन सर्टिफिकेट किंवा नुसता वारस दाखला असे शब्द चालतात. हा कागद वारसाला हक्क बहाल करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे, आणि कागदाचा खर्च व विलंब कोणी सोसावा याविषयीचा सगळा गोंधळ त्या एका चुकीतून निर्माण झालेला आहे.

या प्रमाणपत्राचा इतिहास पाहिला तर त्याचा मूळ हेतू लपून राहत नाही. कंपनी सरकारने 1841 साली विसावा कायदा केला, त्याची जागा 1860 च्या सत्ताविसाव्या कायद्याने घेतली, पुढे 1889 मध्ये या प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र अधिनियम झाला, आणि त्यातील तरतुदी आज भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या दहाव्या भागात कलम 370 पासून पुढे आहेत. या सर्व कायद्यांपुढची अडचण एकच होती. सावकार मरण पावला, तर त्याच्याकडून कर्ज घेतलेल्या माणसाने ते फेडायचे कोणाला? त्याने थोरल्या मुलाच्या हातावर पैसे ठेवले आणि उद्या धाकटा दारात उभा राहिला, तर तेच कर्ज दुसऱ्यांदा फेडण्याची पाळी त्याच्यावर येणार. म्हणून न्यायालयाने एका व्यक्तीला वसुलीचा अधिकार लिहून द्यावा आणि त्या व्यक्तीला सद्‌भावनेने पैसे देणारा ऋणको, म्हणजे देणेकरी, कायमचा मोकळा व्हावा, अशी ही योजना होती. आजच्या कलम 381 चा आशय हाच आहे: प्रमाणपत्रात नमूद केलेल्या कर्जांच्या व रोख्यांच्या बाबतीत ते देणेकऱ्याविरुद्ध निर्णायक ठरते आणि सद्‌भावनेने पैसे देणाऱ्याला त्यामुळे पूर्ण संरक्षण मिळते.

येथे भूमिकांची अदलाबदल ध्यानात घेण्याजोगी आहे. बँकेत ठेव ठेवणारा माणूस कायद्याच्या भाषेत धनको असतो आणि बँक ही त्याची ऋणको असते. त्याच्या पश्चात त्याची मुले बँकेकडे जातात, तेव्हा ती काही मागायला आलेली याचक नसतात. ती एका देणेकऱ्याकडून येणे वसूल करण्यास आलेली असतात. बँकेच्या दालनातील खुर्च्यांची मांडणी पाहून असे कोणाला वाटणार नाही, ही गोष्ट वेगळी.

हे प्रमाणपत्र देताना न्यायालय काय तपासते, यावरूनही त्याची मर्यादा कळते. मृत व्यक्ती जेथे सामान्यतः राहत होती तेथील न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जात मृत्यूची तारीख, मृताचे कुटुंबीय व जवळचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते, अर्जदाराचा हक्क कशावर आधारलेला आहे त्याचा तपशील आणि ज्या ठेवी व रोख्यांसाठी अर्ज केला आहे त्यांची यादी द्यावी लागते. त्यानंतर नोटीस निघते, हरकती मागवल्या जातात आणि संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे संपूर्ण दाव्याप्रमाणे सखोल पुराव्यात न शिरता, निर्णय होतो. कोणाचा हक्क अधिक याचा निवाडा गुंतागुंतीमुळे करता येत नसेल, तर प्रथमदर्शनी ज्याचा हक्क सरस दिसेल त्याला प्रमाणपत्र देण्याची मुभा न्यायालयाला आहे. कलम 387 तर स्पष्टच सांगते की या कार्यवाहीतील निर्णयामुळे तोच प्रश्न त्याच पक्षांमध्ये दुसऱ्या दाव्यात उपस्थित करण्यास बाधा येत नाही, आणि ज्याला पैसे मिळाले त्याने ते खऱ्या हक्कदाराला देण्याची जबाबदारी टळत नाही. थोडक्यात, बँक सुटते, वारस मात्र एकमेकांच्या समोर तसेच उभे राहतात. ज्या कागदासाठी कुटुंबाने वकील नेमला, रकमेच्या प्रमाणात न्यायालयीन शुल्क भरले आणि प्रसंगी बंधपत्र व जामीनदारही दिला, तो कागद कुटुंबातील कोणताच प्रश्न कायमचा सोडवत नाही.

त्यात यादीची अडचण आहे. प्रमाणपत्र सरसकट सर्व मालमत्तेसाठी नसते. अर्जात ज्या ठेवी, शेअर, रोखे लिहिले तेवढ्यांपुरतेच ते असते. वडिलांच्या कपाटात सहा महिन्यांनी आणखी एका सहकारी बँकेची ठेव पावती सापडली, तर प्रमाणपत्राचा विस्तार करून घेण्यासाठी कलम 376 खाली पुन्हा न्यायालयात जावे लागते. घरातील आर्थिक कागदपत्रे एकाच माणसाच्या स्मरणावर चालण्याची जी रीत मराठी मध्यमवर्गात दीर्घकाळ टिकून आहे, तिची किंमत अशी हप्त्याहप्त्याने मोजावी लागते.

या प्रमाणपत्राशी नात्याने जवळची पण कामाने वेगळी अशी इतर कागदपत्रे महाराष्ट्रात प्रचलित असल्यामुळे सामान्य माणसाचा गोंधळ अधिकच वाढतो. तलाठ्याकडील वारस नोंद ही गाव नमुना 6-क मध्ये होते आणि तिच्या आधारे फेरफार होऊन सातबारावर नावे चढतात. ती महसुलाच्या सोयीसाठीची नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही, आणि बँकेतील ठेवीशी तिचा संबंध नाही. 2025 मध्ये राज्य सरकारने मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी जिवंत सातबारा ही मोहीम हाती घेतली. जमिनीच्या बाबतीत शासन आपण होऊन वारसांच्या दारी जाऊ शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले. जिल्हा न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र हे आणखी वेगळे; ते 1827 च्या मुंबई इलाख्यातील आठव्या रेग्युलेशनखाली दिले जाते, त्यात स्थावर मालमत्ताही येऊ शकते, आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतील हा कायदा दोन शतके होत आली तरी महाराष्ट्रातील न्यायालयांत वापरात आहे. मृत्युपत्र असेल तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राच्या अस्सलपणावर न्यायालयाने केलेले शिक्कामोर्तब. आणि मृत्युपत्र नसेल किंवा त्यात व्यवस्थापक नेमलेला नसेल तर प्रशासनपत्र, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांशी संबंधित मृत्युपत्रांना कलम 213 मुळे प्रोबेटची सक्ती होती, ती पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाला नव्हती. इतकेच नव्हे, तर ती हिंदू, बौद्ध, शीख, जैन व पारशी यांना होती आणि मुसलमानांना नव्हती. इंग्रज व्यापाऱ्यांच्या तीन ठाण्यांचा हा अवशेष संसदेने डिसेंबर 2025 मध्ये ते कलमच वगळून दूर केला. उशिरा का होईना, ते योग्य झाले.

या सगळ्या कटकटीवर नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनी नेमणे, हा उपाय सांगितला जातो, आणि एका मर्यादेपर्यंत तो खराही आहे. नामनिर्देशन असेल किंवा खाते संयुक्त असून हयात खातेदाराला रक्कम देण्याची सूचना असेल, तर बँक रक्कम कितीही मोठी असली तरी न्यायालयाचा कागद न मागता ती देऊ शकते. परंतु नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये विमा पॉलिसीच्या संदर्भात हे सांगितले, 2010 मध्ये बँक ठेवींच्या संदर्भात तेच सांगितले. शेअरच्या बाबतीत मात्र 2010 मध्येच मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी कंपनी कायद्यातील शब्दरचनेवरून नॉमिनी मालक होतो असा अर्थ लावला आणि काही वर्षे दोन्ही मते शेजारी शेजारी नांदली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2016 मध्ये तो अर्थ नाकारला आणि 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अंतिम मोहोर उमटवली. हा निकाल ज्या प्रकरणात लागला ते ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्राशी आणि गुंतवणुकींशी संबंधित होते, हा योगायोग मराठी वाचकाच्या ध्यानात राहण्यासारखा आहे. अपवाद विम्याचा: 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर तो लाभार्थी नॉमिनी ठरतो, म्हणजे विम्याची रक्कम खरोखर त्याचीच होते. एकाच माणसाने एकाच दिवशी पत्नीचे नाव विम्याला, ठेवीला आणि म्युच्युअल फंडाला लावले, तर विम्यात ती मालक आणि इतर दोन ठिकाणी केवळ विश्वस्त होते. कायद्याचा हा विसंवाद समजावून सांगण्याचे काम कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात होत नाही.

नॉमिनी मालक नाही याचे परिणाम किती दूरवर जातात, हे एका हिशोबाने स्पष्ट होईल. एखाद्या हिंदू पुरुषाच्या ठेवी 40 लाख रुपयांच्या आहेत, नॉमिनी म्हणून मुलाचे नाव आहे, मृत्युपत्र नाही, आणि त्याच्या मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी व वृद्ध आई आहे असे मानले, तर बँक सगळी रक्कम मुलाला देईल आणि मोकळी होईल. त्या रकमेतील 10 लाखच मुलाचे, उरलेले 30 लाख पत्नी, मुलगी आणि आई यांचे समान वाट्याने असतील. वडील हयात असले तरी ते दुसऱ्या वर्गातील वारस असल्याने त्यांना काहीच मिळणार नाही. आईचा वाटा मात्र हमखास विसरला जातो. काही वर्षांनी तीही मृत्युपत्र न करता निवर्तली, तर तिच्या 10 लाखांचे वारस तिचा पती हयात असल्यास तो, तिची इतर मुले व मुली, आणि आधी गेलेल्या मुलाची मुले होतात. म्हणजे नातवंडांच्या दृष्टीने जो पैसा बाबांचा होता त्यात काका आणि आत्या कायदेशीर वाटेकरी होऊन येतात. अशा कुटुंबात कोणी खोटे बोललेले नसते, कोणी लुबाडलेले नसते, तरीही वाद उभा राहतो, कारण पैसे हातात येणे आणि पैसे आपले होणे यांतला फरक वेळेवर कोणी सांगितलेला नसतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमण्याची आणि त्यांचे टक्के ठरवण्याची सोय झाली आहे. ती उपयुक्त आहे, पण टक्के लिहिल्यामुळे वाटणीच झाली असा नवा गैरसमज तिच्यातून पसरण्याचा धोकाही आहे.

प्रमाणपत्र जर मुख्यतः देणेकऱ्याच्या निर्धास्तीसाठी असेल, तर ती निर्धास्ती विकत घेण्याचा खर्च वारसाने का करावा? व्यापारातील सामान्य न्याय असा की संरक्षण ज्याला हवे त्याने त्याची किंमत द्यावी. मृताच्या ठेवीवर वर्षानुवर्षे व्यवसाय केलेली संस्था, स्वतःची जोखीम शून्यावर आणण्यासाठी, ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्या घराला न्यायालयात पाठवते, आणि त्या काळात पैसा तिच्याकडेच राहतो. शिवाय जोखीम तरी किती असते? मृत्यूचा दाखला, ओळखीची कागदपत्रे आणि सर्व वारसांच्या सह्या समोर असताना दुसरा वारस अचानक प्रकट होण्याची शक्यता असते, नाही असे नाही. पण अशा शक्यता मोजून, त्यांची तरतूद करून व्यवहार करणे हेच तर बँकेचे काम असते. कर्ज देताना जी संस्था अनिश्चिततेचा हिशोब मांडू शकते, ती ठेव परत करतानाच तेवढी हतबल का होते?

हा युक्तिवाद आता नियामकालाही पटलेला दिसतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये मृत ग्राहकांच्या दाव्यांविषयी जे निर्देश काढले आणि 31 मार्च 2026 पर्यंत अंमलात आणण्यास सांगितले, त्यांनुसार नॉमिनी नसलेल्या खात्यांतही व्यापारी बँकांनी किमान 15 लाख आणि सहकारी बँकांनी किमान 5 लाख रुपयांपर्यंतचे दावे सोप्या कागदपत्रांवर, म्हणजे हमीपत्र, दावा न करणाऱ्या वारसांची संमती आणि कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीचे निवेदन किंवा (उत्तराधिकार प्रमाणपत्राहून वेगळा) वारस दाखला एवढ्यावर, निकाली काढावयाचे आहेत. सर्व कागद मिळाल्यापासून 15 दिवसांची मुदत आहे, आणि बँकेमुळे विलंब झाला तर बँक दरावर किमान 4 टक्के जादा दराने भरपाईचे व्याज द्यावे लागते. खर्च कोणी सोसावा या प्रश्नाला प्रथमच योग्य दिशा मिळाली आहे. परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यातील भेद बोचणारा आहे. ग्रामीण आणि निमशहरी कुटुंबांची बचत ज्या नागरी सहकारी बँकांत असते तेथे मर्यादा एक तृतीयांश, आणि पतसंस्था तर सहकार कायद्याखाली असल्याने या निर्देशांच्या कक्षेतच येत नाहीत. लहान संस्थेची जोखीम पेलण्याची ताकद कमी, हे कारण खोटे नाही. पण त्याचा भार पुन्हा ज्याला वकील परवडत नाही त्याच्याच माथी येतो.

दमून जे दावाच सोडून देतात त्यांच्या पैशाचे काय होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. दहा वर्षे व्यवहार किंवा मागणी झाली नाही की बँक ठेवीची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे जाते. हक्क बुडत नाही आणि नंतर दावा करता येतो, हे खरे. तरीही ज्या रकमेसाठी मुलीकडे न्यायालयाचा कागद मागितला गेला, तीच रक्कम कोणीच मागायला आले नाही तर कोणत्याही प्रमाणपत्राविना दुसरीकडे वर्ग होऊ शकते, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

या भूमिकेवर एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. न्यायालयाचा अर्ज हा अनेकदा असा एकमेव कागद असतो ज्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव लिहावेच लागते, आणि तिला नोटीसही जाते. बँकेच्या पातळीवर सगळे सुलभ केले, तर भावांनी केलेल्या प्रतिज्ञापत्रात बहिणीचे नाव गळून पडेल, किंवा ‘एक सही कर’ म्हणून तिच्याकडून संमतीपत्र घेतले जाईल. हक्कसोडपत्राचा महाराष्ट्रातील इतिहास पाहता ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही. जमिनीच्या बाबतीत तेच घडत आले आहे, आणि माहेरचा उंबरठा टिकवण्यासाठी वाटा सोडणे हे आजही बहिणीच्या चांगुलपणाचे लक्षण मानले जाते. दुसऱ्या लग्नाची पत्नी, तिची मुले, दूरदेशी गेलेला मुलगा यांचेही तसेच. म्हणून न्यायालय नको म्हणणाऱ्याने न्यायालयाकडून होणारे हे एक काम दुसरीकडे कोठे होईल ते सांगितले पाहिजे.

त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. गोव्याकडे पाहिले तरी पुरे. तेथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा असून उत्तराधिकाराचा भाग आता गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, 2012 मध्ये आला आहे. वाद नसेल तेव्हा वारस कोण हे विशेष नोटरीसमोरच्या दस्तात नोंदवले जाते. हा नोटरी आपल्याकडील शिक्का मारणारा नोटरी नव्हे, तर शासकीय नोंदणी अधिकारी असतो. विश्वासार्ह व्यक्तींच्या निवेदनावरून सर्व वारसांची नावे त्या दस्तात येतात आणि त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते. वाद असेल तर इन्व्हेंटरी ही न्यायालयीन कार्यवाही होते, आणि तिच्यात मृताच्या संपूर्ण मालमत्तेची यादी, मूल्यांकन आणि वाटप एकाच ठिकाणी पार पडते. शिवाय पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली गेल्याने अर्धा हिस्सा मुळातच हयात जोडीदाराचा असतो, आणि मुलांचा ठरावीक वाटा मृत्युपत्रानेही हिरावता येत नाही. त्यामुळे मुलीचे नाव वगळण्यात फायदा कमी आणि धोका अधिक. गोव्याची पद्धत निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही, इन्व्हेंटरीची प्रकरणे तेथेही रेंगाळतात. पण वाद असलेले आणि वाद नसलेले यांच्यासाठी दोन वेगळ्या वाटा ठेवण्याचे शहाणपण तिच्यात आहे. उर्वरित भारताचा कायदा मात्र मोठ्या रकमेच्या बाबतीत प्रत्येक कुटुंबाला, त्यात भांडण असो वा नसो, संभाव्य पक्षकार समजून चालतो.

महाराष्ट्रात याच धर्तीवर दुय्यम निबंधकांपुढे नोंदवायचे वारस घोषणापत्र आणता येईल. प्रत्येक वारसाने स्वतः हजर राहून किंवा आधारच्या पडताळणीने सही करावी, गैरहजर वारसाला नोटीस गेल्याशिवाय दस्त पुरा होऊ नये, मुलीने वाटा सोडल्याचे निवेदन तिला एकटीला विचारूनच नोंदवावे, आणि अशा दस्तावर पैसे देणाऱ्या बँकेला, सहकारी बँकेला व पतसंस्थेलाही, कलम 381 मध्ये आहे तसेच संरक्षण मिळावे. हरकत आली तर आणि तरच प्रकरण दिवाणी न्यायाधीशांकडे जावे. शुल्क नाममात्र असावे, कारण येथे राज्य कोणाला काही देत नसते. जे आधीच ज्याचे झालेले आहे त्याची नोंद घेत असते.

ही कल्पना महाराष्ट्राच्या कायद्याला परकीही नाही. 1827 च्या त्या आठव्या रेग्युलेशनचे पहिलेच कलम असे सांगते की एखादी व्यक्ती मालमत्ता ठेवून मरण पावली, तर तिच्या वारसाला न्यायालयाकडे आधी कोणताही अर्ज न करता त्या मालमत्तेचा ताबा व कारभार हाती घेता येईल. आणि त्याच कायद्यात पुढे म्हटले आहे की प्रमाणपत्राने मालमत्तेवर कोणताही हक्क मिळत नाही, तूर्त कारभार कोणाकडे आहे एवढेच त्यातून दर्शवले जाते. ते कलम आजही रद्द झालेले नाही.